ख्रिस्तानंद चौकातला मॉर्मन प्रश्न

ब्रह्मपुरीत मॉर्मन माणूस माझ्या पाहण्यात नाही. आला तरी टिकायचा नाही. त्याच्या धर्मात चहा वर्ज्य, आणि चहाला नाही म्हणणाऱ्याला आमच्याकडे मुलगी सोडा, भाड्यानं खोलीही कोणी देणार नाही. पण माणूस पाहिला नाही म्हणून त्याच्याबद्दल मत असू नये, असा काही नियम नाही. आमच्या वॉर्डातला एक पोरगा नोकरीसाठी अमेरिकेतल्या युटा राज्यात, म्हणजे मॉर्मनांच्या बालेकिल्ल्यात, गेला. त्याच्या वडिलांनी ख्रिस्तानंद चौकातल्या टपरीवर सहज विचारलं, "तिकडचे लोक कोन्त्या धर्माचे असतेत जी?" लगेच तीन पक्की उत्तरं आली. ते चार-चार बायका करतात. त्यांच्या घरी वीज नसते, घोडागाडीनं फिरतात. आणि ते ख्रिस्ती नाहीतच, मॉर्मन नावाच्या वेगळ्याच देवाला मानतात. वडिलांनी उरलेला चहा तसाच ठेवला आणि घरी जाऊन पोराला फोन लावला.

घोडागाडीचं आधी मिटवून टाकू. ते आमिश नावाच्या वेगळ्याच ख्रिस्ती पंथाचे लोक. त्यांचा युटाशी काही संबंध नाही. मॉर्मनांच्या घरी वीज आहे, वायफाय आहे. मॉर्मन नावाचा देवही नाही. त्यांच्या ग्रंथात मॉर्मन हा एक जुना प्रेषित आहे, ग्रंथाचं संकलन करणारा. आणि जोसेफ स्मिथ हा संस्थापक, त्याचीही पूजा होत नाही. संस्थेचं खरं नाव आपल्या सहकारी पतसंस्थांना लाजवेल इतकं लांब आहे: 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन झालं. त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये बजावलं की आम्हाला मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या; टोपणनाव वापरलं की सैतानाचं फावतं. त्याआधी काही वर्षं याच चर्चनं 'मी मॉर्मन आहे' अशा जाहिराती लाखो डॉलर खर्चून दाखवल्या होत्या. त्या काळात सैतान बहुधा रजेवर असावा. सदराची जागा मोजून मिळते, म्हणून मी टोपणनावच वापरतो.

आता मुख्य भांडण. हे लोक ख्रिस्ती आहेत की नाहीत?

ब्रह्मपुरीकरांच्या डोळ्यांसमोर ख्रिस्ती म्हटलं की सिस्टर येतात, दवाखाना येतो, छपरावरचा क्रूस येतो. चौकाचं नावच मुळी दवाखान्यावरून पडलं. ब्रह्मदेवाच्या नावाचं गाव आणि ख्रिस्ताच्या नावाचा चौक, यावर आजवर कोणाचं काही अडलं नाही. जिल्ह्यातला कॅथलिक चांदा धर्मप्रांत बल्लारपूरहून चालतो आणि तो केरळच्या सिरो-मलबार परंपरेचा आहे. रोमच्या पोपला मानणारा, पण उपासनेची रीत रोमची नव्हे, पूर्वेकडची. म्हणजे ज्याला आपण 'साधा ख्रिस्ती' समजतो तोसुद्धा इतका साधा नाही. मॉर्मनांकडे यातलं बरंच काही सापडणार नाही. सिस्टर नाहीत, गावच्या मंडळीत पगारी पाद्री नाही, प्रार्थनाघरावर क्रूस नाही. प्रभुभोजनात भाकरीसोबत द्राक्षारस नाही, पाणी. ही सगळी वरवरची गोष्ट. खरा फरक आत आहे.

सन ३२५ मध्ये, आजच्या तुर्कस्तानातल्या निकेया गावी बिशपांची मोठी परिषद भरली. पिता आणि पुत्र हे एकाच तत्त्वाचे, असं तिथं ठरलं. पुढच्या काळात पवित्र आत्मा धरून एकच देव तीन व्यक्तींत, हा त्रैक्याचा सिद्धांत पक्का झाला. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, बहुतेक प्रोटेस्टंट, सगळे आजही त्याच पायावर उभे आहेत. मॉर्मन म्हणतात, आम्हाला हे मान्य नाही. पिता वेगळा, पुत्र वेगळा, पवित्र आत्मा वेगळा. तिघांचा हेतू एक, पण अस्तित्वं तीन. त्यातही पित्याला हाडामांसाचं शरीर आहे. माणसाचा आत्मा जन्माच्या आधीपासून आहे, आणि नीट वागला तर माणूस देवासारखा होऊ शकतो. बायबल खरं, पण त्यासोबत 'बुक ऑफ मॉर्मन' आणि आणखी दोन ग्रंथ आहेत. शिवाय देव बोलायचा थांबलेला नाही. सॉल्ट लेक सिटीत बसलेला अध्यक्ष हा आजचा प्रेषित. त्यांच्या मते मूळ चर्च प्रेषितांच्या मृत्यूनंतर भरकटलं आणि जोसेफ स्मिथच्या हातून देवानं ते पुन्हा उभं केलं. म्हणून ते कॅथलिक नाहीत आणि प्रोटेस्टंटही नाहीत. 'प्रोटेस्टंटांचाच एखादा पंथ असेल' म्हणणारे चौकातल्या मंडळींपेक्षा थोडे अधिक शिकलेले असतात. चूक तेवढीच असते.

आणि तरीही येशू हा देवाचा पुत्र, त्याच्या बलिदानानं माणसाचं तारण होतं, तो मेलेल्यातून उठला, हे ते अगदी मनापासून मानतात. नावातच येशू आहे. 'बुक ऑफ मॉर्मन'च्या मुखपृष्ठावर १९८२ पासून उपशीर्षकही येशूचंच आहे.

हे ऐकून विदर्भातल्या वाचकाला नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे महानुभाव आहेत. कृष्णाचे परमभक्त, गीतेला शिरोधार्य मानणारे. पण त्यांचा कृष्ण हा विष्णूचा आठवा अवतार नव्हे. तो थेट परमेश्वराचा अवतार. विष्णू, शिव वगैरे देवता आहेत, नाहीत असं नाही, पण मोक्ष देणं त्यांच्या हातात नाही. कृष्णाच्या रांगेत दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर, असे पंचकृष्ण. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर ही चार तत्त्वं स्वतंत्र आणि अनादी. नाव तेच, भक्ती तीच, आणि मांडणी मात्र अशी की बाजूच्या मंदिरातल्या पुजाऱ्याला घाम फुटावा. मॉर्मनांचं येशूशी जे नातं, साधारण तेच यांचं कृष्णाशी आहे. आणि बाकीच्यांची प्रतिक्रियाही तीच. पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले; इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडून दाखवीपर्यंत बाहेरच्यांना आत काय लिहिलंय याचा पत्ता नव्हता. पत्ता नसताना मत बनवायची सवय जुनीच. 'करणी कसाबाची आणि बोलणी मानभावाची' (म्हणजे महानुभावाची) ही म्हण त्याच सवयीचं अपत्य. आज त्याच पंथाच्या रिद्धपुरात सरकारनं मराठी भाषेचं विद्यापीठ उभं केलं आहे, कारण मराठी गद्याचा आरंभच म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'पासून सांगावा लागतो. म्हण मात्र अजून लोकांच्या तोंडून जायला तयार नाही.

अमेरिकेतली भांडणं काही कमी नाहीत. २००१ मध्ये रोमनं निर्णय दिला की मॉर्मनांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही. मॉर्मन माणूस कॅथलिक व्हायचा तर नव्यानं पाणी घ्यावं लागेल. २०११ मध्ये मॉर्मन असलेले मिट रॉम्नी अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले, तेव्हा टेक्सासच्या एका बड्या पाद्रीनं जाहीर सांगितलं की हा ख्रिस्ती धर्म नाही. पुढच्या वर्षी रॉम्नीच रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार ठरले, आणि त्याच पाद्रीनं त्यांना पाठिंबा दिला. निकेयाचा प्रश्न निवडणुकीत सुटतो, हे आपल्या पुढाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

बायकांचं काय? इथं चौकाच्या पदरी अर्धे गुण टाकावे लागतील. जोसेफ स्मिथनं अनेक लग्नं केली. चर्चनं बरीच वर्षं त्यावर पांघरूण घातलं आणि २०१४ मध्ये स्वतःच कबूल केलं की आकडा तीस-चाळीसच्या घरात असावा. ऑगस्ट १८५२ मध्ये बहुपत्नीत्व हा सिद्धांत म्हणून त्यांनी जाहीर केला. अमेरिकन सरकारनं कायदे केले, मालमत्ता जप्त केल्या, माणसं तुरुंगात घातली. शेवटी १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी फर्मान काढून ही प्रथा थांबवली. आता कोणी दुसरी बायको केली तर चर्च त्याला काढून टाकतं. वाहिन्यांवर जे अनेक बायकांचे कुटुंबप्रमुख दिसतात, ते फुटून निघालेल्या छोट्या गटांचे. त्यातल्या एका गटाचा म्होरक्या वॉरन जेफ्स २०११ पासून जन्मठेप भोगतोय.

आता जरा आपलंही बघू. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घालणारा कायदा १९४६ मध्ये आला. ब्रह्मपुरी तेव्हा मुंबई प्रांतात नव्हती, मध्य प्रांतात होती. आमच्याकडे ही बंदी आली ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं. म्हणजे युटातल्या मॉर्मनानं दुसरी बायको करणं सोडलं त्यानंतर तब्बल पासष्ट वर्षं आमच्या इथल्या मालगुजाराला दोन काय, तीन बायका करायला कायद्याची आडकाठी नव्हती. (कायदा आल्यावर काय झालं, ते जुन्या वाड्यांच्या वाटणीचे खटले सांगतील.) तेव्हा चार बायकांचा टोमणा मारताना चौकानं तारखा तपासाव्यात.

मॉर्मन प्रचारक महाराष्ट्रात येऊन गेलेत, हे मात्र पुणेकरांनाही ठाऊक नसेल. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मॉर्मन मुंबईत उतरला. तिथल्या पाद्र्यांनी त्याच्यावर झोड उठवली. तो पुण्याला गेला. छावणीत उपदेश करायला लष्करी अधिकाऱ्यांनी मनाई केली, तेव्हा तो छावणीबाहेर गावाच्या आसऱ्याला गेला आणि जेमतेम डझनभर माणसांची एक शाखा त्यानं उभी केली. तेवढ्यात कलकत्त्याला प्रचारकांची नवी तुकडी येऊन धडकली. अमेरिकेत नुकतीच झालेली बहुपत्नीत्वाची घोषणाही तिच्यासोबतच आली. मिशनऱ्यांच्या विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. १८५६ पर्यंत सगळे प्रचारक माघारी गेले होते. विचार करा, गोऱ्या साहेबाच्या छावणीत गोऱ्या ख्रिस्ती माणसाला येशूचं नाव घ्यायला बंदी, कारण काय, तर तो योग्य प्रकारचा ख्रिस्ती नाही! आणि बाहेर, पेशवाई बुडून पस्तीस वर्षं झालेल्या पुण्यात, त्याला राहू दिलं.

मृतांच्या बाप्तिस्म्याबद्दलही भयंकर कथा ऐकायला मिळतात. थडगी उकरतात वगैरे. तसं काही नाही. एक जिवंत माणूस मृताच्या नावानं मंदिरातल्या कुंडात बुडी मारतो. मृताच्या आत्म्याला ते नाकारण्याची मोकळीक आहे, असं त्यांचं शास्त्र सांगतं. नाकारल्याचं कळवायची सोय मात्र नाही. या सोहळ्यासाठी नावं लागतात, म्हणून जगभरातल्या वंशावळी जमवण्याचं काम चर्च करतं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीसुद्धा त्यांनी मायक्रोफिल्म काढून ठेवलीय. आपल्या पणजोबांचं नाव आपल्याला आठवत नाही आणि ते युटात सापडू शकतं, हे थोडं लाजिरवाणं आहे. पण याच उत्साहात काहींनी ज्यू नरसंहारातल्या बळींचेही बाप्तिस्मे उरकले. ज्यू संघटना भडकल्या, १९९५ मध्ये चर्चनं थांबवण्याचं वचन दिलं, तरी प्रकार पूर्ण थांबले नाहीत. गांधीजींच्या नावानंही कोणीतरी बुडी मारल्याची बातमी २०१२ मध्ये आली होती. हा गैरसमज नव्हे. ही तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

गैरसमज दूर करायला बसलेले लोक अनेकदा या दोन्हींची मिसळ करतात, म्हणून स्पष्ट सांगतो. १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना या चर्चमध्ये पौरोहित्य मिळत नव्हतं. इतर जवळपास प्रत्येक मुलाला ते बारा वर्षांचा होताच मिळायचं. हे सत्य आहे. आणि 'बुक ऑफ मॉर्मन'ची मूळ कथा अशी की ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास जेरुसलेमहून एक कुटुंब जहाजानं अमेरिकेत आलं आणि त्याच्या वंशजांची तिथं राज्यं झाली. ग्रंथाच्या प्रस्तावनेत पूर्वी लिहिलं होतं की हेच लोक अमेरिकन आदिवासींचे प्रमुख पूर्वज. पुरातत्त्वात पुरावा नाही, डीएनएत नाही. २००६ मध्ये प्रस्तावनेत गुपचूप बदल झाला: प्रमुख पूर्वज गेले, 'पूर्वजांपैकी' आले.

ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की वडसा, पुढं गडचिरोली, आणि तिथून पुढं गोंडांचा, माडियांचा मुलूख. आदिवासींचे पूर्वज कोण, त्यांचा देव कोण, त्यांचा धर्म कोणता, हे बाहेरच्या शहाण्यांनी ठरवायची हौस काय असते, ते या भागाला युटाकडून शिकायचं नाही. इंग्रजांच्या जनगणनेत आदिवासींच्या धर्मांना वेगळी जागा होती. स्वातंत्र्यानंतर ती गेली. तरी २०११ च्या जनगणनेत देशभरात दहा लाखांवर लोकांनी 'इतर'मध्ये आपला धर्म गोंड असा लिहवून घेतला. कोया पुनेम हा गोंडांचा धर्म मानणारा माझा एक मित्र म्हणतो, "आम्ही जय सेवा म्हणतो, पेनाला मानतो, आणि रकान्यात मात्र जनगणनेला आलेले मास्तर न विचारताच दुसरं लिहून मोकळे होतात."

इथंच तिकडच्या आणि इकडच्या भांडणातली गंमत आहे. अमेरिकेत मॉर्मन दार ठोठावून सांगतात, आम्ही ख्रिस्ती आहोत, आत घ्या. आणि आतले कडी लावून घेतात. आपल्याकडे उलटं. बाहेर पडू पाहणाऱ्याला हात धरून आत ओढतात. अहमदाबादच्या स्वामीनारायण सत्संगींनी न्यायालयात सांगितलं, आम्ही हिंदू नाही, तेव्हा दलितांना मंदिर खुलं करणारा कायदा आम्हाला लागू नाही. हेतू काही फार पवित्र नव्हता. १९६६ मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी हिंदू कोण याची व्याख्या लोकमान्य टिळकांच्या आधारानं मांडली आणि निकाल दिला: तुम्ही हिंदूच. पुढं रामकृष्ण मिशननं महाविद्यालयांचा कारभार आपल्या हाती राहावा म्हणून तोच दावा केला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांनाही परत आत आणून बसवलं. दार एकच. तिकडचा पहारेकरी बाहेरून येणाऱ्याला अडवतो, इकडचा आतून जाणाऱ्याला. दोघांनाही वाटतं की देवानं चावी आपल्याकडेच दिली आहे.

माझं मत विचाराल तर, धर्मशास्त्रात मॉर्मन आणि बाकीचे ख्रिस्ती यांच्यातलं अंतर खरं आहे आणि मोठं आहे. ते नाही असं दाखवणारा मॉर्मनही लबाडी करतो. पण अंतर असणं वेगळं आणि एखाद्यानं स्वतःला काय म्हणावं यावर दुसऱ्याची मालकी असणं वेगळं. भारतीय कायद्याला हे दीडशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात ख्रिस्ती म्हणजे कोण, तर जो ख्रिस्ती धर्म असल्याचं सांगतो तो. निकेया नाही, बाप्तिस्म्याचं प्रमाणपत्र नाही, चौकातल्या पंचांचा ठराव नाही. बेंगळुरूत मॉर्मनांचं भारतातलं पहिलं मंदिर बांधायचं २०१८ मध्ये जाहीर झालं. तिथला मॉर्मन या व्याख्येत अगदी अलगद बसतो.

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणना दारात येतेय. प्रगणक म्हणून येणार ते आपलेच, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आणि बाई. त्यांना हात जोडून एवढीच विनंती: आडनाव बघून धर्माचा रकाना भरू नका. गोंडाच्या घरी विचारा, महानुभावाच्या घरी विचारा, ख्रिस्तानंद चौकात विचारा, चहा नको म्हणणारा कोणी भेटलाच तर त्यालाही विचारा. तो सांगेल ते लिहा. नियमही तेच सांगतो.